विश्लेषण : जनावरांचे बाजार बंद ठेवून लम्पी थांबतो का?

परभणी जिल्ह्याला परराज्याची सीमा लागत नाही. तरीही 2022 च्या लम्पी साथीत राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांप्रमाणे हा जिल्हाही सुटला नाही. बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबली आणि ऐन रब्बीच्या तोंडावर बैलजोडी विकणारा आणि घेणारा दोघेही अडकले. साथ आली की असे निर्बंध पुन्हा लागू शकतात. त्यांचा उपयोग होतो का, आणि त्यांची किंमत कोण मोजतो?

लम्पी पसरतो कसा?

लम्पी त्वचारोग हा विषाणूजन्य आजार आहे. तो देवीवर्गातल्या विषाणूमुळे गाय-बैलांना होतो. म्हशींमध्ये त्याचे प्रमाण कमी असते आणि माणसाला तो होत नाही. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. अंगावर गाठी येतात, ताप चढतो, दूध आटते आणि बैल कामातून जातो. मरणाचे प्रमाण साधारणपणे कमी असले तरी साथ मोठी असली की आकडा फुगतो. 2022 मध्ये देशभरात दीड लाखाहून अधिक जनावरे दगावली.

माशी फार लांब जात नाही. गोठ्यातून शेजारच्या गोठ्यात, फार तर शिवारापलीकडे. पण टेम्पोत चढवलेले बाधित जनावर एका रात्रीत दोन-तीन जिल्हे ओलांडते. त्यामुळे आजाराच्या जवळच्या उड्या माशीच्या असतात आणि लांबच्या उड्या बहुधा वाहनाच्या. माशीला आदेश देऊन थांबवता येत नाही, वाहनाला थांबवता येते. ने-आण बंदीमागचे सगळे तर्कशास्त्र एवढेच आहे.

देशाच्या सीमेवर तपासणी नसते का?

असते. परदेशातून जनावरे आणण्यावर 1898 च्या पशुधन आयात कायद्यापासून नियंत्रण आहे. आयातीसाठी आधी केंद्राचा परवाना लागतो, आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि जनावर आल्यावर त्याला विलगीकरणात ठेवले जाते. मुंबईसह मोठ्या शहरांत त्यासाठी केंद्रे आहेत.

ही व्यवस्था विमानाने किंवा जहाजाने, कागदपत्रांसह येणाऱ्या जनावरांसाठी आहे. लम्पी त्या वाटेने आल्याचे दिसले नाही. जुलै 2019 मध्ये तो बांगलादेशात आढळला आणि पुढच्याच महिन्यात ओडिशात भारतातली पहिली नोंद झाली. 2020 मध्ये तो गडचिरोलीत पोहोचला. एकदा आजार देशात शिरला की बंदरावरचे केंद्र परभणीच्या शेतकऱ्याच्या कामाचे उरत नाही. त्याच्यासाठी खरी सीमा म्हणजे आठवडी बाजाराचे फाटक.

2022 मध्ये काय घडले?

त्या वर्षीचा राज्यातला पहिला प्रादुर्भाव ऑगस्टच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळला. सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य 'नियंत्रित क्षेत्र' जाहीर झाले. मधल्या महिनाभरात पोळाही होऊन गेला होता.

हा आदेश 2009 च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याखाली होता. त्यानुसार गुरांची ने-आण, जनावरांचे बाजार, शर्यती, जत्रा आणि प्रदर्शने यांवर बंदी आली. संशयित आजाराची माहिती देणे हे या कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे. तपासणी नाके आणि विलगीकरण छावण्या उभारण्याचा अधिकारही सरकारला आहे.

सोबत लसीकरण सुरू झाले. लम्पीची स्वतंत्र लस तेव्हा नुकतीच जाहीर झाली होती, पण बाजारात आली नव्हती. म्हणून शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली आणि ती मोफत देण्यात आली. राज्यात सुमारे 1 कोटी 40 लाख गोवंश असल्याने हे काम काही दिवसांत होणारे नव्हतेच.

मग बंदीचा उपयोग काय?

बंदी आजार संपवत नाही, ती वेळ मिळवून देते. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात बाधित जनावर नव्या गावात गेले नाही, तर लस आजाराच्या पुढे राहते. 2015 नंतर ग्रीस, बल्गेरिया आणि आसपासच्या देशांत लम्पी पसरला, तेव्हा तो मुख्यतः सरसकट लसीकरणाने आटोक्यात आला. ने-आणीवरचे निर्बंध त्याच्या जोडीला होते.

नुसती नजरेने तपासणी मात्र पुरत नाही. संसर्ग झाल्यापासून गाठी दिसेपर्यंत चार आठवडेही लागू शकतात, काही जनावरांना तर ठळक लक्षणे दिसतच नाहीत. म्हणूनच पुढे ने-आणीला सूट देताना किमान 28 दिवस आधी लसीकरण, कानात बिल्ला आणि आरोग्य दाखला अशा अटी आल्या.

किंमत कोण मोजतो?

परभणी हा लाल कंधारी आणि देवणी जनावरांच्या पट्ट्यातला जिल्हा. इथे बैलजोडी म्हणजे औत तर आहेच, पण अडीनडीला मोडता येणारी ठेवही आहे. लग्न, दवाखाना, बियाणे-खत यांसाठी कोरडवाहू शेतकरी गोऱ्हा किंवा कालवड बाजारात नेतो. बाजार बंद झाला की ही ठेव गोठते. गरज मात्र थांबत नाही. मग दारावर आलेल्या हेड्याला पडेल भावात जनावर द्यावे लागते आणि ते रात्री, कागदाशिवाय निघून जाते. ज्या वाहतुकीला थांबवायचे, तीच अशी नजरेआड होते.

दगावलेल्या जनावरांसाठी 2022 मध्ये मदत मिळाली : दुधाळ जनावराला 30 हजार, ओढकामाच्या जनावराला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये. पण न झालेल्या विक्रीचा हिशेब त्यात नव्हता. आजार लपवण्याचे एक कारण इथेच आहे. माहिती दिली तर गाव बंद होणार, भरपाई मात्र जनावर मेले तरच.

इतर देशांत हा पेच नाही का?

आहे. जखमेत अंडी घालून जिवंत मांस खाणाऱ्या अळ्यांची 'स्क्रूवर्म' माशी 2023 पासून पनामातून उत्तरेकडे सरकत गेली. ती मेक्सिकोत आढळल्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेने तिथल्या गुरांची आयात थांबवली. मग ती सुरू केली, मे 2025 मध्ये पुन्हा बंद केली, जुलैत थोडी उघडून दोन दिवसांत परत बंद केली. एरवी मेक्सिकोतून वर्षाला दहा लाखांच्या आसपास गुरे जातात. माशी सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर असतानाही उत्तर मेक्सिकोतल्या पशुपालकांचा माल अडकला. बंदीचा फायदा पलीकडच्याला आणि तोटा अलीकडच्याला, हे गणित तिथेही तेच आहे.

पुढच्या साथीसाठी काय हवे?

1 जून 2024 पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. 12 अंकी क्रमांकावर लसीकरणाची आणि मालकाची नोंद 'भारत पशुधन' प्रणालीत राहते. ही नोंद खरी आणि ताजी असेल तर सरसकट सगळे बाजार बंद करण्याची गरज कमी होते. लस घेतलेले जनावर चालू शकते, बाधित गावाभोवतीच घेरा घालता येतो आणि आजार कुठून आला याचा माग लागतो.

त्यासाठी लसीकरण साथीनंतर नव्हे, पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे. बाजाराच्या फाटकावर बिल्ला वाचणारा माणूस हवा. पशुवैद्यकीय दवाखान्यातली पदे भरलेली हवीत. परभणीत तर पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. आणि बंदीच्या काळात विक्री अडकलेल्या शेतकऱ्याला काही आधार हवा. तो नसेल तर आदेश कागदावर राहील आणि टेम्पो रात्री निघत राहील.