सिस्टर, आज बोलवत नाही

12 मे हा जागतिक परिचारिका दिन. 1820 साली याच तारखेला जन्मलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हातातला दिवा सर्वांना ठाऊक आहे. स्कुटारीच्या इस्पितळातून त्या मृत सैनिकांच्या घरी पत्रे लिहीत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आजारी माणसासाठी लिहिणे हा शुश्रूषेचा तेव्हापासूनचा भाग आहे. आता हे लिहिणे मोबाइलवर आले आहे. भोपाळमध्ये त्याला वेगळेच मोल आहे.

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री इथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेट वायूने सर्वांत आधी डोळे आणि फुप्फुसे गाठली. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी जयप्रकाश नगर, आरिफ नगर, छोला या वस्त्यांतून श्वासाचे जुनाट विकार घेऊन जगणारी माणसे आहेत. अशा माणसाला फोनवर चार वाक्ये सलग बोलणे जड जाते. खोकल्याची उबळ येते, पलीकडचा माणूस घाईत असतो, आणि सांगायचे तेच राहून जाते. लिहिताना मात्र त्याला थांबता येते. ‘पाय सुजलेत.’ दहा मिनिटांनी, ‘रात्री दोन उश्या घेतल्या तरी झोप नाही.’ मग ऑक्सिमीटरवरचा आकडा. अनुभवी सिस्टरला एवढ्यावरून पुष्कळ समजते. उश्या कालपासून वाढल्या की महिन्यापासून, लघवी कमी झाली का, हे ती उलट विचारते आणि आज डॉक्टरांना दाखवायलाच हवे की उद्यापर्यंत थांबता येईल, ते ओळखू लागते. दम लागलेल्या माणसाला न बोलता विचारता येणे ही त्याच्यासाठी किरकोळ सोय नव्हे.

पण त्याच वायूने डोळ्यांनाही इजा केली. त्यात वय वाढलेले, मोतीबिंदू आलेला. बारीक अक्षरांतले उत्तर अनेकांना वाचता येत नाही. जुन्या शहरात कुणाला उर्दूच वाचता येते, कुणाला काहीच नाही. म्हणून उत्तर मोठ्या अक्षरांत, एका वेळी एकच सूचना देणारे असावे आणि गरज पडेल तिथे सिस्टरने ते आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवावे. शिवाय फोन पुष्कळदा मुलाचा किंवा सुनेचा असतो. गाठीचा अहवाल वाईट आला, ही बातमी त्या पडद्यावर कधीही जाऊ नये. ती समोर बसूनच सांगायची असते.

या शहरात कागदाला किती किंमत आहे, हे बाहेरच्यांना चटकन कळणार नाही. आपण आजारी आहोत, हे इथल्या लोकांना वर्षानुवर्षे कागदाने सिद्ध करावे लागले. नुकसानभरपाईचे दावे केसपेपरवर अडले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने वायुपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणण्याचे आणि प्रत्येकाला आरोग्यपुस्तिका देण्याचे आदेश दिले. अशा ठिकाणी रुग्णाने लिहिलेले लक्षण आणि सिस्टरने दिलेला सल्ला दोघांच्या फोनमध्ये पडून राहणे योग्य नाही. ते दोन्ही त्या माणसाच्या आजाराच्या इतिहासाचा भाग आहेत आणि त्यांची जागा रुग्णाच्या नोंदीत आहे.

नियमांत मात्र परिचारिकेला अजून दुय्यमच जागा आहे. 25 मार्च 2020 रोजी केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत लेखी संदेशावरून सल्ला देण्यास मान्यता मिळाली, पण ती डॉक्टरांना. परिचारिका त्यात येते ती रुग्ण आणि डॉक्टर यांना जोडून देणारी आरोग्यसेविका म्हणून. औषध कोणते द्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवावे, याबद्दल वाद नाही. पण नळी कशी धुवायची, इन्हेलर ओढल्यावर किती वेळ श्वास धरायचा, मॉर्फिनने बद्धकोष्ठ झाला तर कुणाला आणि केव्हा कळवायचे, हे सांगणे शुश्रूषेचे काम आहे. घरी गेलेल्या रुग्णाला प्रश्न पडतात ते बहुतेक असेच. त्यांची उत्तरे अनेक सिस्टर ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या फोनवर, घरच्यांची ताटे वाढता वाढता देतात. ना त्याची नोंद, ना मोबदला. काही चुकले तर पाठीशी कुणी नाही. परिचारिका दिनी त्यांना गुलाब देणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाने हा हिशेब मांडायला हवा.

मार्च 2020 मध्ये भोपाळ मेमोरियल रुग्णालय काही आठवड्यांसाठी कोविडकरिता राखून ठेवले गेले, तेव्हा ज्यांच्यासाठी ते उभारले होते त्या वायुपीडितांचेच नेहमीचे उपचार अडले. दार बंद असताना आपली फाइल ओळखणारे कुणीतरी पलीकडे आहे, एवढा एक धागा तरी त्यांच्या हाती हवा होता.

भोपाळ मेमोरियल, हमीदिया आणि एम्स या रुग्णालयांनी सिस्टरच्या अशा लेखी सल्ल्याची रीतसर सुरुवात करावी. प्रत्येक विभागाचा स्वतंत्र फोन असावा, सिस्टरचा खासगी क्रमांक कुणाला देऊ नये. ड्युटीच्या तक्त्यातच उत्तरे देण्याचे तास धरावेत आणि त्या वेळी तिच्यावर खाटांचा भार नसावा. घरी सोडताना रुग्णाला आणि त्याच्या माणसांना स्पष्ट सांगावे की संदेश किती वाजेपर्यंत पाहिला जातो. आणि दम अचानक वाढला, ओठ निळे पडले, शुद्ध हरपू लागली, तर काहीही लिहीत न बसता 108 ला फोन करावा.