श्रद्धेचा निर्णय ज्याचा त्याचा

ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर घरगुती प्रार्थनासभा भरली, की धर्मांतराचा संशय पुढे येतो. येथील ठाकूर, कातकरी कुटुंबांपैकी अनेकांना पोटासाठी वीटभट्टीवर जावे लागते. अशा गरिबीत दिलेल्या मदतीमागे हेतू असू शकतो, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्याचे उत्तर सुवार्तावादी ख्रिस्ती विचारातच सापडते. प्रत्येकाने पवित्र शास्त्र स्वतः वाचावे आणि विश्वासाचा निर्णय स्वतः घ्यावा, हा त्याचा पाया. आमिषाने घेतलेला बाप्तिस्मा या पायावर टिकत नाही; तसाच प्रार्थना बंद पाडणारा दबावही टिकत नाही. म्हणून ख्रिस्ती मंडळ्यांनी धान्य, औषधे आणि प्रार्थना यांची सांगड कधीच घालू नये.

निर्णय स्वतः घेण्याचे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी न पटलेली मते इंग्लंडमधील मिशनऱ्यांच्या दडपणाखाली स्वीकारली नाहीत. पुढे साध्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. धर्मांतराने संस्कृती तुटते, असे म्हणणाऱ्यांनी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवावेत. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायिली आणि १९१७ मध्ये बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही ‘देवाचा दरबार’ या आपल्या ख्रिस्तभक्तांच्या मंडळात स्थान दिले. कायदाही हाच तोल राखतो. संविधानाचे पंचविसावे कलम धर्मप्रसाराचा हक्क देते. मात्र १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात नसल्याचे सांगितले. आदिवासी माणसाला स्वतःचा विवेक आहे. उपदेशक आणि विरोधक, दोघांनीही त्याचा मान राखावा.