शब्दभेद आणि श्रद्धाभेद

वैकुंठ चतुर्दशी हा हरिहरांच्या भेटीचा दिवस. या दिवशी हरीला बेल आणि हराला तुळस वाहिली जाते. हे ऐक्य मात्र आपणांस अनायासे लाभलेले नाही. विठ्ठलाचा करगोटा घडविताना डोळ्यांस पट्टी बांधणाऱ्या नरहरी सोनारांची कथा आम्ही कीर्तनातून सांगतो, ती त्या जुन्या दुराव्याचीच साक्ष होय. आज अशाच दुराव्याची दुसऱ्या धर्मातील हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

उरण तालुक्यातील घारापुरीची लेणी साधारण सहाव्या शतकातली मानली जातात. त्याच शतकात कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला ख्रिस्ती धर्माध्यक्ष असल्याचे लिहून ठेवले. हे स्थान म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. ही नेमणूक रोमहून न होता इराणातून झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. इराणातील धर्मसंघ आपला कारभार स्वतंत्रपणे चालवी आणि पुढे एका शब्दाने ही फारकत पक्की केली.

इ. स. ४३१ मध्ये इफेसस येथे धर्मपरिषद भरली. मरियेस ‘देवमाता’ म्हणावे की ‘ख्रिस्तमाता’, हा वाद होता. दुसऱ्या शब्दाचा आग्रह धरणारे कॉन्स्टँटिनोपलचे धर्माधिपती नेस्टोरियस पदच्युत झाले. इराणच्या धर्मसंघाने तो निर्णय मानला नाही. रोम आणि इराण यांचे राजकीय वैर होतेच, त्याने दरी रुंदावली.

तिचे पडसाद आपल्या देशातही उमटले. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर येथे परिषद भरवून तेथील ख्रिस्ती समाजाच्या अनेक सिरियाक ग्रंथांवर ‘नेस्टोरियन’ असा दोष ठेवला आणि ते दुरुस्त वा नष्ट करविले. धुमसता असंतोष १६५३ साली मट्टनचेरीच्या शपथेत उफाळला आणि तो समाज दुभंगला.

अखेर ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडील धर्मसंघाचे मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणेत मान्य केले की, दोन्ही शब्द एकाच श्रद्धेचे आहेत. त्यास १५६३ वर्षे लागली!

शब्दाचा काथ्याकूट हा दोष नव्हे. आमचे शास्त्रकारही अक्षराक्षरावर झुंजले. परंतु पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्यावाचून खंडन करू नये, हा शास्त्रार्थाचा दंडक आहे. वादात हरणाऱ्यास शिक्षा ठरली की वाद संपतो आणि फूट सुरू होते. आपल्याकडे स्मार्त आणि भागवत एकादशी कधी कधी निरनिराळ्या दिवशी येतात. तरी एकाच घरात दोन्ही उपवास गोडीने घडावेत. आज बेल आणि तुळस एकाच तबकात ठेवताना एवढे भान राहिले, तरी चतुर्दशीचे पूजन सार्थकी लागेल.