रिमोट गेला नव्हता!

मंडळी, गेल्या सेममध्ये आमच्या एरोमॉडेलिंग क्लबचं विमान 'गेलं' अशी बातमी हॉस्टेलभर पसरली होती. मेसमध्ये दोघा-तिघांनी माझं सांत्वनही केलं. खरं म्हणजे विमान ठणठणीत होतं, फक्त उडत नव्हतं. बॅटरी लावली की ईएससी नुसता 'बीप... बीप...' करत बसायचा आणि मोटर ढिम्म! थ्रॉटल खाली, वर, परत खाली... काही नाही. अर्ध्या तासात सर्वानुमते निदान झालं, "रिमोट गेला." दुसऱ्या दिवशी नव्या ट्रान्समीटरचं कोटेशन एचओडी सरांच्या टेबलावर! क्लबला वर्षभरासाठी मिळणाऱ्या पैशांतले निम्म्याहून जास्त त्या एका डब्यात गेले असते. म्हणजे बाल्सा नाही, सर्वो नाहीत, आणि यंदा आलेल्या एफई-एसईच्या पोरांना हात लावायला काहीच नाही.

हा लेख त्या कोटेशनच्या विरोधात आहे. (ते टाईप मीच केलं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो.)

आमचा सेट स्वस्तातला. कधीचेच पास-आऊट झालेल्या सीनियर्सनी तो घेतला आणि त्यावर ईआर९एक्स नावाचं खुलं फर्मवेअर मारून ठेवलं. इतक्या वर्षांत स्टिकखालच्या पॉटचा कार्बन झिजणारच. ती काही कुणाची चूक नाही. आम्ही तपकीर गल्लीतून नवा पॉट आणला, सोल्डर केला, आणि फर्मवेअरमधलं कॅलिब्रेशनचं पान उघडलं. घोटाळा तिथे झाला.

कॅलिब्रेशन म्हणजे दोन पायऱ्या. आधी सगळ्या स्टिक मध्यावर ठेवून बटण दाबायचं, मग प्रत्येक स्टिक टोकापासून टोकापर्यंत फिरवून पुन्हा बटण. बास. पण बाकीच्या स्टिकना स्प्रिंग असते, त्या आपोआप मध्यावर येतात. थ्रॉटलला स्प्रिंग नसते! ती जिथे सोडाल तिथे राहते, आणि सवयीने आपण ती खालीच ठेवतो. आमच्या गड्याने ती खालीच ठेवून बटण दाबलं.

आता बघा काय झालं. आत बसलाय ॲटमेगा ६४. त्याचा एडीसी १० बिटांचा, म्हणजे पॉटवरचं व्होल्टेज ० ते १०२३ या आकड्यात येतं. हिशेबाला सोपे आकडे घेऊ: स्टिक तळाला १३०, मध्यावर ५१०, वर ८९०. फर्मवेअर तीन गोष्टी लक्षात ठेवतं: मध्य, मध्यापासून वरचं अंतर आणि मध्यापासून खालचं अंतर. आलेल्या आकड्यातून मध्य वजा करायचा, त्या बाजूच्या अंतराने भागायचं, १०२४ ने गुणायचं. उत्तर येतं उणे १०२४ ते अधिक १०२४. त्याचे पुढे रिसीव्हरवर साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंदांचे पल्स होतात, आणि शून्य म्हणजे १५००. आमच्या सेटच्या मते 'मध्य' होता १३०! म्हणजे स्टिक पार तळाला असताना तो इमानेइतबारे सांगत होता, "अर्धा थ्रॉटल." सुरुवातीलाच अर्धा थ्रॉटल दिसला तर शहाणा ईएससी मोटर फिरवत नाही. बीप बीप करून तो आमचीच बोटं वाचवत होता, आणि आम्ही त्याला शिव्या घालत होतो.

आणखी लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. सेट चालू केला की स्क्रीनवर सूचना यायची, थ्रॉटल खाली नाही म्हणून. आम्ही बटण दाबून ती घालवायचो. तिसऱ्या दिवशी एकाने सेटिंगमध्ये जाऊन ती सूचनाच बंद केली! "फालतू त्रास देते राव." दुसरा म्हणाला, ईएससीलाच शिकवून टाकू की १५०० म्हणजे शून्य. हा जुगाड चाललाही असता, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. कारण पुढच्या वर्षी कुणी शहाणा येऊन सेट नीट कॅलिब्रेट करणार, आणि अर्धी स्टिक वर जाईपर्यंत मोटर हलणारच नाही. मग पुन्हा "रिमोट गेला", पुन्हा कोटेशन.

मला हे कळलं ते कोड वाचताना, तेही पीएलच्या दिवसांत अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून. ईआर९एक्सचा सोर्स खुला आहे, कुणीही वाचावा. कॅलिब्रेशनचा भागाकार जिथे आहे तिथे भाजक १०० च्या खाली जाऊ नये अशी सोय करून ठेवलीय. का? तर आमच्यासारख्या कुणी मध्य चुकवला आणि एका बाजूचं अंतर दोन-तीन आकड्यांचं उरलं, तर स्टिकच्या नुसत्या थरथरीने थ्रॉटल शून्यावरून अर्ध्यावर उड्या मारेल. म्हणजे तो कोड लिहिणाऱ्याने आम्हाला न बघताच ओळखलं होतं! आमच्या मायक्रोकंट्रोलरच्या ओरलला "टेन बिट म्हणजे किती लेव्हल?" असं विचारतात. आम्ही "१०२४" म्हणतो, सर मान हलवतात, पुढचा. तो आकडा स्टिकबरोबर हलताना मी पहिल्यांदा बघितला तो या सेटवर.

याच घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. फ्लायस्कायचा ९एक्स टर्निजी वगैरे वेगवेगळ्या नावांनी विकला गेला. आठवा भाग विसरता येईल अशा किमतीत भरपूर चॅनल, पण मूळ मेन्यू वैतागवाणे. लोकांनी तो उघडला, बोर्डवर सहा वायरी सोल्डर केल्या आणि स्वतःचं फर्मवेअर घातलं. ६४ केबी फ्लॅश आणि ४ केबी रॅम, एवढ्यात! त्याच धाग्यातून ओपन९एक्स आलं, त्यातून ओपनटीएक्स. २०१३ मध्ये फ्रस्कायने टारानिस हा सेट ओपनटीएक्स घालूनच बाजारात आणला. २०२१ मध्ये एजटीएक्स वेगळं निघालं आणि आज स्वस्तातले नवे सेटसुद्धा तेच घेऊन येतात. म्हणजे हौशी लोकांनी स्वस्त डब्यात केलेली सुधारणा कंपन्यांनी उचलली.

पण म्हणून "नवीन व्हर्जन मारा, सगळं सुटेल" म्हणणाऱ्या आमच्याच क्लबातल्या फर्मवेअर-भक्तांशीही माझं भांडण आहे. झिजलेला पॉट कुठल्याही व्हर्जनने बरा होत नाही. त्याचा आकडा नाचत असेल तर तो नाचणारच; नवं फर्मवेअर फार तर ते सुंदर अक्षरात दाखवेल. आणि फ्लॅश मारताना ईईप्रॉमचा बॅकअप घेतला नाही तर जुनं कॅलिब्रेशन आणि सगळी मॉडेल्स गमवायची तयारी ठेवा. आधी कच्चे आकडे बघा. मग प्रॉपेलर काढून कॅलिब्रेट करा. मग ट्रिम. फर्मवेअर त्यानंतर, तेही हवं असलेलं काही त्यात खरंच असेल तर. खरेदी सगळ्यात शेवटी.

आता सरांची क्षमा मागून दोन शब्द. हा सेट डेडस्टॉक रजिस्टरमध्ये आहे, म्हणून तो उघडायचा नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. रजिस्टरला त्याचा नंबर माहीत आहे, पण त्याचा मध्य कुठे आहे हे रजिस्टरला माहीत नाही. कपाटात कुलपाखाली ठेवलेली वस्तू सुरक्षित राहते हे मान्य. पण ती उघडायला मनाई असेल तर पोरं ती बिघडली असं ठरवून मोकळी होतात, आणि सही कोटेशनवर होते. एक वही द्या, सर. कोणी उघडला, काय बदललं, आधीचे आकडे काय, नंतरचे काय, एवढं लिहिण्याची सक्ती करा, आणि न लिहिणाऱ्याला खुशाल दंड करा.

तूर्त मी माझ्याच जर्नलची उरलेली पानं फाडून एक वही शिवली आहे. पहिल्या पानावर चार स्टिक-अक्षांचे तीन-तीन आकडे आहेत, तारखेसह. बंद केलेली ती सूचना परत चालू केली आहे, कृपया कुणी घालवू नका. वही सेटच्या खालीच ठेवलीय, कपाटाची किल्ली लॅबमधल्या मामांकडे असते, आणि चहा पाजला तर ते पाच वाजल्यानंतरही थांबतात.