आमच्या गावात सगळं स्वस्त आहे

मंडळी, या शनिवारी कोडबिड काही नाही. डोकं तापलंय आणि विषय आहे घराची बिलं.

मी मूळचा देवळाली प्रवराचा. देवळाली म्हटलं की ज्यांना फक्त नाशिकची तोफखान्यावाली आठवते त्यांच्यासाठी सांगतो, तालुका राहुरी, नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरी लागते तो भाग. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं.) गेली दोन वर्षं सिंगापुरात आहे. वुडलँड्सला एका सरकारी वसाहतीतला छोटा फ्लॅट भाड्याने घेतलाय, मी आणि बायको. घरी फोन केला की तब्येतपाणी झाल्यावर तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "लाईटबिल किती आलं रे?" मी आकडा सांगतो. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग वडील म्हणतात, "सोन्याचं पाणी येतं का काय तिकडं? आपलं गाव बरं बाबा. सगळं स्वस्त."

वडील म्हणतात ते मायेने. पण हेच वाक्य इथले आपले लोक गणपतीच्या जेवणावळीत म्हणतात, पुण्यातले मित्र म्हणतात आणि निवडणुकीच्या सभेत पुढारी तर फारच जोरात म्हणतात. गाव स्वस्त, शहर महाग, परदेश तर विचारूच नका. माझं म्हणणं असं की हे वाक्य साफ खोटं आहे, आणि त्या खोट्याची किंमत माझे वडील रात्री दोन वाजता शेतात जाऊन चुकवतात. भावना बाजूला ठेवून आधी आकडे बघू.

इथे वीज, पाणी, गॅस आणि कचरा या सगळ्याचं महिन्याला एकच बिल येतं. आमचं मागच्या महिन्याचं १४२ डॉलर होतं. एका डॉलरला ६८ रुपये धरले तर साडेनऊ हजारांच्या वर. त्यातले ८४ डॉलर विजेचे, कारण रात्री एसी लागतो. (विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरवर राहतो आम्ही. बारा महिने आपला मे महिना, वर घाम. पोस्टकार्डावरचं नारळाचं झाड घाम पुसत नाही.) युनिट करासकट ३० सेंटच्या आसपास, म्हणजे वीस रुपये. पाण्याचा दर एप्रिल २०२५ पासून हजार लिटरला ३ डॉलर २४ सेंट आहे, त्यावर ९ टक्के जीएसटी. साधारण २४० रुपये झाले. सरकार इथल्या नागरिकांना बिलात सूट देतं, ती आमच्यासारख्या उपऱ्यांना नाही. आणि घरभाडं या सगळ्याच्या कितीतरी पट आहे, त्याबद्दल बोललो तर लेख तिथेच संपेल. तेव्हा सिंगापूर महाग नाही असं मी म्हणत नाहीये. महागच आहे. प्रश्न गाव स्वस्त आहे का, हा आहे.

पाण्यापासून सुरू करू. भर उन्हाळ्यात घरी पाच हजार लिटरचा टँकर आम्ही हजार रुपयांना घेतलाय. हजार लिटरला दोनशे रुपये. म्हणजे सिंगापूरच्या नळापेक्षा जेमतेम चाळीस रुपयांनी स्वस्त, तेही आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी. प्यायला वेगळं. बोअरचं पाणी मचूळ, म्हणून रोज वीस लिटरचा जार येतो, वीस रुपयांना. लिटरला एक रुपया, हजार लिटरला हजार! इथे मी नळाला तोंड लावून पितो ते पाणी लिटरला चोवीस पैशांना पडतं आणि माझी आई चौपट भावाने पाणी पिते. राहुरी तालुक्यात. मुळा धरण उशाला आणि भंडारदऱ्याची प्रवरा पायथ्याला असताना.

इंजिनियर माणूस, म्हणून अजून एक गणित केलं. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी. सिंगापूरची घरं, कारखाने, हॉटेलं, सगळं मिळून पाण्याची गरज दिवसाला ४४ कोटी गॅलनच्या आसपास, म्हणजे दोनशे कोटी लिटर. भरलेलं मुळा धरण या अख्ख्या देशाला वर्षभर पुरतं. मृतसाठा सोडला तरी दहा महिने! हा हिशेब मी तीनदा तपासला, कारण माझाच विश्वास बसेना.

आता कोणी म्हणेल, धरण शेतीसाठी आहे, ऊस पाणी पितो, सिंगापुरात शेती कुठाय. बरोबर आहे. तुलना धरणाची नाहीच, तुलना हिशेबाची आहे. आमच्या वुडलँड्सहून मलेशियाला जाणारा जो पूल आहे त्याच्या कडेने जाडजूड नळ दिसतात. १९६२ च्या कराराने जोहोर नदीचं रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी सिंगापूर घेऊ शकतं, आणि तो करार २०६१ ला संपतो. पाऊस इथे बक्कळ पडतो, वर्षाला २४०० मिलिमीटरच्या घरात, आपल्या पर्जन्यछायेतल्या राहुरीच्या कितीतरी पट. पण बेट केवढं, तर आपल्या एखाद्या तालुक्याएवढं. साठवायचं कुठे? १९६३ साली इथे महिनोन्महिने पाणी रेशनवर होतं. मग यांनी सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायला घेतलं (२००३), समुद्राचं पाणी गोडं करायला घेतलं (२००५), आणि पुढचा थेंब मिळवायला जो खर्च येईल तो आजच्या ग्राहकाच्या बिलात छापला. लोकांना आवडलं का? अजिबात नाही. २०१७ मध्ये पाण्याचा दर दोन टप्प्यांत ३० टक्के वाढवायचं जाहीर झालं तेव्हा लोक चिडले, हाँग लिम पार्कात निषेधाची सभाही झाली. ज्या देशात सभा घ्यायला जागा नेमून दिलेली असते तिथे हे थोडं नाही. दर तरीही वाढला. पण तो सगळ्यांना दिसेल असा वाढला. कर किती, पाणी किती, सांडपाणी किती, सगळं बिलावर.

आपल्याकडे वाढ बिलात होत नाही, ती जारवाल्याकडे होते. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांत बहुतेक ठिकाणी पाणीपट्टी वर्षाला ठोक असते, मीटर नसतोच. पट्टी वाढवायची म्हटलं की सगळे पक्ष एक होतात. मग येणाऱ्या पैशात वीजबिल आणि दुरुस्तीच भागत नाही, पाणी दिवसाआड येतं, बायाबापड्या हंडे मांडून बसतात, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो बोअर घेतो. पट्टी स्वस्त राहिली म्हणून सगळे खूष. आमच्या धंद्यात याला बग दुरुस्त न करता एरर मेसेज लपवणं म्हणतात.

आता वीज, म्हणजे माझं खरं दुखणं. घरगुती विजेत आपण फार स्वस्त आहोत हाही समज अर्धाच खरा आहे. पहिल्या १०० युनिटांना दर कमी, १०१ पासून एकदम चढ. २०२४-२५ च्या दरपत्रकात ५०० युनिटांच्या वरचा दर वहन आकार धरून युनिटला १७ रुपये ८१ पैसे होता, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. करा गुणाकार. सिंगापूर आलं की नाही? तरी वडिलांचं घरचं बिल आठ-नऊशेच येतं, कारण दोनच माणसं आणि एसी नाही. ते खरंच स्वस्त आहे, मान्य.

आणि शेतीची वीज तर फुकट. २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ पाच वर्षं बिल शून्य. लाभार्थी सुमारे ४४ लाख, सरकारचा खर्च वर्षाला सुमारे १४,७६० कोटी. भागाकार केला तर एका पंपामागे वर्षाला साडेतेहतीस हजार रुपये होतात. वडिलांची मोटर पाच अश्वशक्तीची, म्हणजे पावणेचार किलोवॅट. आठ रुपये युनिट धरला तरी साडेतेहतीस हजारांत ती अकराशे तासांच्या वर चालली पाहिजे. चालते का? विहीर मार्चमध्ये तळ गाठते, पुढे आवर्तनाच्या पाण्याची वाट बघायची. वडील म्हणतात निम्मीसुद्धा चालत नसेल. मग उरलेल्या पैशाची वीज गेली कुठे? कोणी सांगू शकत नाही, कारण पंपाला मीटर नाही. राज्यात असे लाखो पंप अश्वशक्तीवर मोजले गेले. शेतीच्या नावावर दाखवलेली वीज शेतीत तेवढी जातच नाही, गळती आणि चोरी त्याखाली झाकली जाते, हे वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षं आकडे देऊन मांडत आले आहेत. शेतकऱ्याला फुकट्या म्हणणाऱ्या शहरी मित्रांनी तेवढं एकदा वाचावं.

तर ही फुकटची वीज येते कधी? आमच्या भागात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी पाळी असते. रात्रीच्या पाळीत एकसष्ट वर्षांचा माणूस स्वेटर, कानटोपी आणि बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. उसात बिबट्या असतो. ही कथा नाही, राहुरी-संगमनेर-जुन्नर पट्ट्यातल्या कोणालाही विचारा. मोबाईलवरून मोटर चालू करायचा स्टार्टर मी पाठवलाय, तो बसवलाय पण. पण पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला अजून ॲप निघालेलं नाही, तिथे फावडं आणि माणूसच लागतो. व्होल्टेज पडलं की मोटर जळते. मागच्या वर्षी दोनदा जळाली. शेतकऱ्याचं खरं वीजबिल रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात भरलं जातं, आणि त्याला कुठलीही माफी नाही.

यावर गावातले मित्र म्हणतात, तू तिकडे एसीत बसून शेतकऱ्याच्या ताटातली वीज काढायला निघालास. बाबांनो, उलट आहे. पैसा काढू नका. ते साडेतेहतीस हजार थेट खात्यात द्या, पंपाला मीटर लावा, आणि त्याला बिल भरू द्या. बिल भरणारा माणूस विचारू शकतो की व्होल्टेज का नाही, डीपी जळून आठ दिवस झाले माणूस का आला नाही, दिवसा वीज का नाही. आत्ता त्याने विचारलं की उत्तर तयार असतं, "फुकट मिळतेय ना, मग?" हे उत्तर वडिलांनी माझ्यासमोर ऐकलंय, आणि ते मान खाली घालून परत आलेत. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचा रुपया बुडवला नाही त्याने.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. खात्यात येणारे पैसे पुढच्या वर्षी थांबले तर? मीटर राहील आणि अनुदान जाईल. ही भीती खोटी नाही, आणि सरकारवर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण आत्ताची माफीही २०२९ पर्यंतच आहे. ती संपेल तेव्हा आपण नेमके किती युनिट वापरत होतो याचा एक कागदसुद्धा शेतकऱ्याच्या हातात नसेल. मीटर असेल तर निदान भांडायला आकडा असेल.

दिवसा वीज देणं अशक्य आहे असंही नाही. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, जिथे प्रकल्प उभे राहिले तिथे दिवसा पाणी देता येतं. तेव्हा मागायचंच तर ते मागू या ना. सभेत कोणी "बिल माफ" म्हटलं की टाळ्या पडतात. "सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, पूर्ण दाबाने" याला टाळ्या पडलेल्या मी अजून ऐकल्या नाहीत.

या दिवाळीला गेलो तेव्हा वडिलांच्या वहीत बसून वर्षाचा हिशेब काढला. कुठल्याच बिलात न येणारा. मोटर रिवाइंडिंग दोनदा ११,०००. केबल आणि स्टार्टर ४,०००. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा वर्षाचा वाटा ४,०००. जार ७,३००. टँकर सहा, ६,०००. एकूण ३२,३००. यात घरचं वीजबिल आणि पाणीपट्टी धरली तर महिन्याला पावणेचार हजारांच्या आसपास जातं. माझं इथलं बिल माझ्या पगाराच्या अडीच टक्के आहे. तीन एकर उसावर चालणाऱ्या घरात पावणेचार हजार किती टक्के होतात ते ज्याचं त्याने काढावं, कारखान्याचं पेमेंट ज्या महिन्यात येत नाही ते महिने धरून.

रात्रीचे तास मी त्या वहीत धरले नाहीत. कोणत्या दराने धरायचे ते वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "राहू दे, तेवढं फुकट."