गाय गोठ्यात, खूण बांधावर : वायरलेस टॅगच्या अचूकतेचे गणित

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९’ मंजूर केले आणि त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. सेन्सर, ड्रोन, गळ्यातील कॉलर हे विषय आता कृषी प्रदर्शनापुरते उरलेले नाहीत. मुक्त संचार गोठा असलेल्या दूध उत्पादकांना ‘प्रत्येक गाय नेमकी कुठे आहे ते मोबाईलवर दिसेल’ असे सांगून वायरलेस टॅग दाखवले जातात. माहितीपत्रकात अचूकता ‘एक मीटरपेक्षा कमी’ असते. ही अचूकता आपल्या गोठ्यात मिळेल का, हे मात्र टॅगपेक्षा रिसीव्हर कुठे आणि कसा बसवला यावर जास्त ठरते.

आधी एक गैरसमज दूर करू

जनावराच्या कानातील १२ अंकी पिवळा बिल्ला ओळखीसाठी असतो. त्यात बॅटरी नसते आणि तो आपली जागा कळवत नाही. मोबाईलमधील जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत जागा दाखवते, पण पत्र्याखाली तेवढाही भरवसा राहत नाही. म्हणून गोठ्यासाठी वेगळी पद्धत वापरतात. टॅगचा सिग्नल कोणत्या कोनातून आला ते मोजायचे आणि त्यावरून जागा काढायची. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या ब्लूटूथ ५.१ पासून ही दिशा मोजण्याची सोय ब्लूटूथमध्येच आली.

कोनावरून जागा कशी कळते?

जुन्या प्लेन टेबल मोजणीत भूकरमापक दोन माहीत असलेल्या ठिकाणांवरून एकाच झाडाकडे रेघ धरायचा. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे झाड. इथेही तेच तत्त्व आहे. फरक एवढाच, की डोळ्यांऐवजी अँटेना दिशा पाहते. रिसीव्हरमध्ये अनेक लहान अँटेना शेजारी शेजारी असतात. ब्लूटूथच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते आणि अँटेनातील अंतर बहुधा त्याच्या निम्मे ठेवतात. तिरक्या दिशेने आलेली लहर एका अँटेनाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर भेटते. त्या फरकावरून कोन काढला जातो.

चूक कुठे वाढते?

कोन मोजताना ५ अंशांची चूक झाली असे समजू. रिसीव्हरपासून १० मीटरवर जागा सुमारे ०.९ मीटर चुकते, २० मीटरवर पावणेदोन मीटर आणि १०० मीटरवर जवळपास ९ मीटर. यंत्र तेच आणि कोनातील चूकही तेवढीच, पण अंतर वाढले की जागेची चूक त्याच प्रमाणात वाढते. म्हणून गोठ्यात चांगले चालणारे यंत्र चराऊ रानात निरुपयोगी ठरू शकते.

दुसरे कारण रेघांच्या छेदाचे. दोन रिसीव्हरच्या रेघा काटकोनात छेदल्या तर जागा नेमकी मिळते. त्या २० अंशांच्या अरुंद कोनात छेदल्या तर तीच चूक जवळपास तिप्पट होते. सोयीसाठी दोन्ही रिसीव्हर एकाच भिंतीवर जवळजवळ लावले, की हेच घडते.

तिसरे आणि सर्वांत त्रासाचे कारण म्हणजे परावर्तन. विहिरीत हाक मारली की आवाज चहूबाजूंनी येतो. पत्र्याचे छप्पर, लोखंडी पाइप आणि पाण्याच्या टाकीवरून सिग्नलही असाच परततो. मधे जनावरे उभी राहिली तर सरळ येणारा सिग्नल अडतो आणि परतलेलाच जास्त ठळक होतो. मी पाहिलेल्या एका गोठ्यात गव्हाणीजवळ उभी असलेली गाय पडद्यावर कुंपणाबाहेर, बांधावर दिसत होती. रिसीव्हर लोखंडी खांबाला अगदी चिकटवून लावलेला होता. तो खांबापासून दूर, छताच्या मध्याकडे नेल्यावर ती खूण गोठ्यात आली.

अचूकता वाढवण्यासाठी

- रिसीव्हर उंचावर, खालच्या दिशेने तोंड करून लावावा. समोरून येणारा सिग्नल नीट मोजला जातो, अगदी कडेने येणारा वाईट.
- मोठ्या गोठ्यात एका रिसीव्हरवर भागवू नये. प्रत्येक जागा किमान दोन रिसीव्हरना वेगवेगळ्या बाजूंनी दिसावी.
- एकच छतावरचा रिसीव्हर असेल, तर यंत्र टॅगची उंची गृहीत धरते. गाय बसली की टॅग खाली येतो. तो अर्धा मीटर खाली आला आणि गाय ४५ अंशांच्या दिशेला असली, तर जागा सुमारे अर्धा मीटर चुकते.
- एका वाचनावर विसंबू नये. चूक इकडे-तिकडे होणारी असेल, तर ४ वाचनांच्या सरासरीने ती निम्मी होते. मात्र रिसीव्हर वाकडा बसला असेल, तर हजार वाचनांची सरासरीही तेवढीच चुकीची येते.

पैसे देण्यापूर्वीची तपासणी

गव्हाण, पाण्याची टाकी, कोपरे अशी ८ ते १० ठिकाणे टेपने मोजून कागदावर मांडावीत. लाकडी खुंटीवर जनावराच्या गळ्याच्या उंचीला टॅग बांधून प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे ठेवावा. पडद्यावरची जागा आणि खरी जागा यांतील अंतर लिहावे. हीच चाचणी गोठा रिकामा असताना एकदा आणि जनावरे आत असताना एकदा करावी. सगळ्या ठिकाणी चूक एकाच बाजूला येत असेल, तर रिसीव्हर फिरवून बसवावा. एकाच कोपऱ्यात येत असेल, तर जवळचे लोखंड पाहावे. सर्वांत वाईट आकडा हाच आपल्या गोठ्याचा खरा आकडा समजावा.

मुळात किती अचूकता हवी?

माजावर आलेली गाय हुकली तर पुढच्या माजापर्यंत साधारण २१ दिवस वाया जातात. पण माज ओळखण्यासाठी गाईची हालचाल किती वाढली हे महत्त्वाचे असते, ती कोणत्या फुटावर उभी आहे हे नव्हे. गाय गव्हाणीवर किती वेळ थांबली हे पाहायचे असेल, तर मात्र एक-दोन मीटरची अचूकता लागते. दहा-बारा जनावरांच्या गोठ्यात हे काम रोजच्या नजरेने होते. तिथे जागा दाखवणाऱ्या टॅगवर खर्च करण्याची घाई नको. विस्तार कार्यकर्त्यांनीही शिफारस करताना माहितीपत्रकातील आकडा पुढे न करता त्या गोठ्यातील चाचणीचा कागद आधी मागावा.