दुसऱ्या बाहीचा प्रश्न

ज्या बाईला विणता येतं, तिनं ते चारचौघींत कळू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गाता येतं हे कळलं तर फार तर हळदीकुंकवाला एखादं पद म्हणावं लागतं, तीन मिनिटांत सुटका. पुरणपोळी चांगली होते हे कळलं तर वर्षाचे चार सण अंगावर येतात, तेही एक वेळ परवडलं. पण विणता येतं ही बातमी एकदा बाहेर फुटली, की त्या बाईच्या दोन्ही हातांवर सगळ्या गोतावळ्याचा हक्क लागतो. सातबाऱ्यावर नाव तिचं, वहिवाट मात्र सर्वांची.

आणि हे सगळं कुठं, तर शेगावात. पुण्यामुंबईच्या माणसाला शेगाव म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, महाराजांची समाधी आणि कचोरी. तिसरी आठवलीच तर मे महिन्यातलं ऊन. ‘तिकडं हो कसला स्वेटर?’ असं विचारणाऱ्यांनी डिसेंबरात पहाटेच्या गाडीनं आमच्या स्टेशनवर उतरून बघावं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो हे खरं. पण पौषात काळ्या रानावरून जो वारा सुटतो, तो आधी पायांच्या बोटांची चौकशी करतो आणि मग वर चढतो. मुलूख कापसाचा. शेजारच्या खामगावचा कापूस वाहायला जलंबपासून रेल्वेचा फाटा काढला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्या कापसाच्या राशीत राहून आम्ही बायका मात्र लुधियानाहून आलेली लोकर विणत बसतो. आणि तीही बहुतेक वेळा मेंढीनं जन्मात न पाहिलेली, ॲक्रिलिकची. असो. मेंढीची तक्रार नाही, माझीही नाही.

माझी तक्रार एका बाहीबद्दल आहे.

माझ्या स्वतःसाठी घातलेला एक स्वेटर आहे. वांगी रंगाचा, पुढून उघडा, सहा बटणांचा. त्याची पाठ झाली आहे, पुढचे दोन्ही भाग झाले आहेत, डावी बाही झाली आहे. उजवी बाही मनगटापासून चार बोटं वर आली आहे, आणि गेली तीन वर्षं ती चार बोटंच आहे. या तीन वर्षांत माझ्या हातून अकरा टोपडी, सात झबलीवजा स्वेटर, पायमोज्यांच्या मोजायच्या सोडून दिलेल्या जोड्या, दोन मफलर, एका रुखवतासाठी क्रोशाचं तोरण, संक्रांतीच्या वाणासाठी चोवीस चिल्लर ठेवायच्या पिशव्या आणि एका भाचेजावयांचा बिनबाह्यांचा स्वेटर एवढा माल बाहेर पडला. भाचेजावई पुण्याला असतात. काच बंद केलेल्या गाडीतून कचेरीत जातात आणि तशाच गाडीतून परत येतात. त्यांना थंडी नेमकी कुठं गाठते, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

‘दोन कामं एकदम चालवावीत की,’ असं शहाणी माणसं सांगतात. ‘दुपारी स्वतःचं, रात्री दुसऱ्याचं.’ ‘सुयांची आणखी एक जोडी घ्या.’ अहो, दहा नंबर, बारा नंबर धरून सुयांच्या पाच जोड्या आहेत माझ्याकडे. हातांची एकच आहे. आणि खरी अडचण सुयांची नाहीच. बाळाला तारीख असते. लग्नाला मुहूर्त असतो. बाळंतविडा घेऊन जायचं तर बारशाच्या आत जायला हवं, आणि बाळ काय, पेन्शनीतल्या माणसासारखं एका मापाचं थोडंच राहतं? दोन महिने उशीर केला की टोपडं त्याच्या मुठीला बसतं. माझ्या बाहीला ना तारीख, ना मुहूर्त. तिला कोणी फोन करून ‘झालं का गं?’ असं विचारत नाही. म्हणून प्रत्येक वेळी तिचेच टाके दोऱ्यावर उतरवले जातात आणि सुया दुसरीकडं जातात.

बरं, दोऱ्यावर उतरवलेलं काम तसंच्या तसं वाट बघत राहतं, असंही नाही. चार महिन्यांनी पुन्हा हातात घेतलं की हात बदललेला असतो. मधे बाळाचं मऊ, सैल काम केलेलं. आता टाका ढिला पडतो. कुणावर चिडलेली असले तर आवळून पडतो. वर लोकरीचा लॉट. विणणारीला माहीत असतं की पुऱ्या स्वेटरची लोकर एकाच लॉटची घ्यावी लागते. नंबर बदलला की तोच वांगी रंग शेजारी ठेवल्यावर वेगळा दिसतो. मी घेतलीही होती मोजून. पण आमच्या वन्संनी ‘किनारीपुरती दे गं, दोनच गुंडे’ म्हणून त्यातून नेली. किनार झाली, बाळ आता शाळेत जातं, तो लॉट बाजारातून कधीच संपला. माझी उजवी बाही पूर्ण झालीच तर डावीची सावत्र बहीण दिसणार आहे.

या सगळ्यामागं एक शब्द आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. तो शब्द म्हणजे ‘बसल्या बसल्या’. आमच्या शेजारच्या मावशी आल्या की म्हणतात, ‘वहिनी, तुमच्या हाताले काय गुन आहे वो! माह्या नातवाले एक टोपडं करून द्या ना. तुमाले तं काय, बसल्या बसल्या होते.’ वन्सं तेच शुद्ध भाषेत म्हणतात. आमच्या घरचे ‘हे’ त्यात भर घालतात, ‘टीव्ही बघता बघता होतं की.’ कचेरीतला साहेब उभा राहून सह्या करतो काय? तोही बसल्या बसल्याच करतो, आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. आणि टीव्हीचं म्हणाल, तर जाळीची वीण चालू असताना मालिकेत कोण मेलं आणि कोण परत आलं याचा मला आजवर पत्ता लागलेला नाही.

म्हणून एकदा मी हिशेब केला. ह्यांच्याच जुन्या डायरीत, ह्यांच्यासमोर. माझ्या मापाच्या स्वेटरला पाठीला १०८ टाके, ओळी सुमारे १८०. म्हणजे साडेएकोणीस हजाराला थोडे कमी. पुढचे दोन्ही भाग मिळून तेवढेच. बाही सरासरी ७५ टाक्यांची, १३० ओळी, अशा दोन. मुंढ्याला आणि गळ्याला घटवलेले टाके वजा करून ५५,००० धरू. मिनिटाला पंचवीस टाके पडतात, म्हणजे दार वाजलं नाही, दूध उतू गेलं नाही आणि ओळ उसवावी लागली नाही तर. एकूण २,२०० मिनिटं. साडेछत्तीस तासांच्या वर, आणि शिवणं, काजं, बटणं वेगळी. कचेरीत जाणाऱ्या माणसाचा जवळजवळ आठवडा झाला हा. ‘हे’ थोडा वेळ आकड्यांकडं बघत राहिले आणि म्हणाले, ‘बेरीज बरोबर आहे.’ सेवानिवृत्त बँकवाल्याकडून याहून मोठी दाद अपेक्षित नव्हतीच.

‘पण लोकरीचे पैसे देते ना मी!’ हे पुढचं वाक्य. म्हणजे ५०० ग्रॅम लोकरीला किंमत आहे आणि ५५,००० टाक्यांना नाही. घोंगडी विणणाऱ्या सणगराला जाऊन कोणी म्हणतं का, की मेंढ्यांची लोकर मी देतो, तुम्ही बसल्या बसल्या एक काढा? शिंपी कापड आपणच नेलं तरी शिलाई सोडत नाही, आणि कोणी मागतही नाही. फक्त घरातल्या बाईच्या हातचं काम हे ‘प्रेमानं’ केलेलं असतं, त्यामुळं त्याचे पैसे विचारणं वाईट दिसतं. मी पैसे मागत नाहीये. मला दिवाळी-संक्रांतीला मोबदला पोचतो. आजवर चौदा ब्लाउजपीस जमले आहेत, पैकी नऊ पोपटी. एवढ्या वर्षांत कोणी एक पायमोजा मात्र मला विणून दिलेला नाही.

मग ‘हाताची ऊब’ निघते. बाजारात काय, वाट्टेल तेवढे स्वेटर मिळतात; थंडी लागली की नागपूरसारख्या शहरांत तिबेटी मंडळी दुकानं मांडून बसतात, झकास माल असतो. पण त्याला म्हणे हातच्या कामाची ऊब नाही! हे ज्या तोंडानं मी ऐकलं, त्याच घरी मी दिलेला पांढरा स्वेटर स्कूटर पुसताना पाहिला. स्कूटरला ऊब मिळाली असेल. परदेशांतल्या विणणाऱ्या बायकांत एक समजूत आहे, की प्रियकराला स्वेटर विणून दिला की तो सोडून जातो. आमच्याकडचा अनुभव नेमका उलटा. एकदा विणून दिला की कोणी म्हणजे कोणी जात नाही; पुढच्या हिवाळ्यात मोठं माप घेऊन परत येतं. हल्ली तर मापाबरोबर मोबाइलवर फोटोही येतो, ‘अस्सं हवं’ म्हणून. फोटोतला स्वेटर मशीनवरचा असतो.

शेगावात राहण्याचा एक वेगळा हप्ता आहे. दर्शनाला येणारे नातेवाईक बारा महिने येतात. संस्थानच्या भक्तनिवासात स्वच्छ खोली मिळते, महाप्रसाद मिळतो. पण नातेवाइकाला घरचा चहा लागतो, आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्याची नजर माझ्या लोकरीच्या टोपलीवर जाते. असंच एकदा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘अगं, सेवा समजून करावं. शेगावात राहतेस ना!’

इथं मी गप्प बसले नाही. म्हटलं, वहिनी, सेवा काय असते ते शेगावकरणीला सांगू नका. मंदिरात बघा जाऊन. गावोगावचे सेवेकरी येतात, पांढऱ्या कपड्यांत उभे राहतात, चपला सांभाळतात, ताटं वाढतात, झाडतात. पण आपणहून नाव देऊन येतात. ठरलेले दिवस सेवा करतात आणि मग घरी जाऊन आपापली शेती बघतात. त्यांना कोणी ‘तुमचं काय, उभ्या उभ्या होतं’ असं म्हणत नाही. ज्या सेवेची पाळी कधी संपत नाही आणि जिला नाव दुसऱ्यानंच दिलेलं असतं, तिला आपल्या भाषेत दुसरा शब्द आहे. जाऊबाईंनी कचोरीचा पुडा उघडला आणि विषय बदलला.

मला दुसऱ्यासाठी विणायचं नाही, असा कोणी अर्थ काढू नये. १९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. माझी आईही त्यांत होती. आपले जवान पुरेशा गरम कपड्यांशिवाय हिमालयात उभे होते. त्या विणण्याला कारण होतं, आणि घेणारा खरोखर गारठलेला होता. तान्ह्या बाळाचंही तसंच. बाळंतविडा मी मरेपर्यंत करीन. बाळाला खरंच थंडी वाजते, शिवाय ते रंगावर शेरे मारत नाही आणि स्कूटरही चालवत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसाचे गुडघे रात्री गार पडतात, त्यालाही न मागता देईन. पण पगारवाल्या, धडधाकट, बाजाराचा रस्ता माहीत असलेल्या माणसानं माझ्याकडं का यावं? आणि यायचंच असेल, तर माझ्या बाहीच्या मागं रांगेत का उभं राहू नये? शेगावात दर्शनाची रांग असते, ती मुकाट्यानं लावतात ना?

म्हणून या दसऱ्यापासून मी दहा नंबरच्या सुयांची एक जोडी वेगळी काढली आहे. लाल टोप्यांची. तिच्यावर फक्त माझं काम चढेल. एक वस्तू बाहेर गेली की एक वस्तू घरात. वन्संचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, ‘करते की, चैत्रात.’ पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, ‘चैत्रात लोकरीचं काय करू?’ मी म्हटलं, ‘पुढच्या पौषापर्यंत जपून ठेवा.’ तेव्हापासून आमच्यातलं बोलणं थोडं घट्ट विणीचं झालं आहे. त्यांच्या आवाजात मी आता स्वार्थी बाई आहे. असू दे. स्वार्थी बाईला निदान दोन बाह्या असाव्यात.

शेजारच्या मावशींना मात्र मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, ‘मावशी, तुमचा नातू, तुमचे हात. बसा, शिकवते.’ ‘मले नाही येत बाप्पा ते,’ म्हणाल्या, पण बसल्या. आता रोज तीनला येतात. त्यांनी वीस टाके घातले होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी ते तेवीस झाले, परवा मोजले तर सव्वीस. हे वरचे सहा कुठून आले, यावर आम्ही दोघी डोकं लावून बसतो. एकेक ओळ उसवतो, पुन्हा घालतो. काल त्यांची सून दारात येऊन म्हणाली, ‘आई, चहा मांडता का? बसल्या बसल्या कंटाळले असाल.’

मावशींनी मान वर केली नाही. ‘तूच मांड वं,’ म्हणाल्या, ‘मी गिनती करून राह्यली.’

माझी बाही कोपराशी आली आहे.